बुकांची बाय

कार्मेलिनबाय कशाकशाला भीत हे सांगायला बसले तर दिवस मावळेल. विजेला भीत, भटक्या कुत्र्यांना भीत, विहिरीच्या काठाशी उभं राहायला भीत. पुस्तकांच्या खोलीत कोणी पेटती विडी घेऊन शिरलं तर त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरे. वाळवीची भीती तर इतकी, की कपाटांच्या चारी पायांखाली रॉकेलच्या वाट्या ठेवलेल्या असत आणि रोज सकाळी आल्या आल्या त्या वाट्यांशी गुडघे टेकून बसत. नवा माणूस दारातून बघेल तर त्याला वाटावं, बाई कपाटाची प्रार्थना करते आहे.

पण या सगळ्या किरकोळ भीती. खरी भीती एकच होती. आपल्या तोंडून डॉक्टरांना काहीतरी चुकीचं सांगितलं जाईल आणि त्यावर एखादा माणूस मरेल.

मी मालवणच्या त्या इस्पितळात नर्स म्हणून लागले तेव्हा आमचा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता आणि मुंबईहून माणसं आगबोटीने येत. इस्पितळ ट्रस्टचं, लहानसं, बंदरावरून चढून गेलं की टेकाडावर. तिथले डॉक्टर सामंत हे जरा वेगळे गृहस्थ होते. फुरसं चावलेल्या माणसाचं रक्त का गोठत नाही, यावर ते वर्षानुवर्षं टिपणं काढत होते. त्यासाठी त्यांनी देशोदेशीची वैद्यकाची मासिकं मागवायला सुरुवात केली, मुंबईच्या ओळखीच्या डॉक्टरांकडून जुने अंक आणले, आणि औषधांच्या कोठीशेजारची एक खोली रिकामी करून लायब्ररी केली. ती सांभाळायला कार्मेलिनबायना बोलावलं. त्या मूळच्या इथल्याच, मालवणच्या ख्रिस्तांव घरातल्या. मुंबईत एका मोठ्या वैद्यकीय कॉलेजच्या लायब्ररीत बरीच वर्षं काढून आई आजारी पडली म्हणून परत आलेल्या. लग्न केलं नव्हतं. गाव त्यांना बुकांची बाय म्हणे.

इस्पितळात लायब्ररी कशाला, हे आम्हा कोणालाच कळत नसे. डॉक्टर संध्याकाळी एखादा प्रश्न चिठ्ठीवर लिहून देत. दुसऱ्या दिवसापासून बाय कामाला लागत. जाडजूड सूच्या काढत, एकेका शब्दावर बोट ठेवून खाली उतरत, सापडलेला लेख आपल्याकडे नसेल तर मुंबईला आपल्या जुन्या मैत्रिणीला लिहून त्याची नक्कल मागवत. लेख हाती आला की डॉक्टरांसाठी त्याचा उतारा लिहीत, मग मला समोर बसवून तो लेख वाचायला लावत आणि स्वतः उताऱ्यावरून बोट फिरवत. आकडा आला की मी दोनदा वाचायचा. मला कंटाळा येई. एकदा मी म्हटलं, बाय, आता मघाशीच तर बघितलं. तर म्हणाल्या, "मघाशी बघलंय तां मघाशी. आता बोटाखाली काय आसा?"

सापांवरचा लेख असेल तर वाचताना दोन्ही पाय वर घेऊन स्टुलावर ठेवत. आम्ही हसायचो. त्याही हसत, पण पाय खाली घेत नसत.

त्यांची दोन वाक्यं साऱ्या इस्पितळाला पाठ होती. कोणी काही सांगू लागलं की पहिलं वाक्य यायचं, "वाचलंस की आयकलंस?" दुसरं वाक्य डॉक्टरांसाठी राखलेलं. शोधून शोधून हात रिकामा राहिला तरी "नाही" असं त्या कधी म्हणत नसत. "गावाक नाय," म्हणत. मालवणीत गावणं म्हणजे सापडणं. डॉक्टरांपुढे ऑफिसात त्या शुद्ध मराठी बोलत, तेही ओल्या फरशीवरून चालावं तसं जपून. पण हा एक शब्द तिथेही मालवणीतच येई. याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. मुंबईत असताना एका तरुण सर्जनने धावत येऊन विचारलं होतं, अमुक प्रकारच्या रोग्याला अमुक गुंगीचं औषध देऊन काही विपरीत झाल्याचं कुठे छापलंय का. बायनी सूची बघितली आणि सांगितलं, नाही. चार दिवसांनी दुसरंच काही शोधताना तो लेख समोर आला. दुसऱ्या नावाखाली लावलेला होता. तोवर ऑपरेशन होऊन गेलं होतं. रोगी जगला की गेला, हे विचारायला बाय वर वॉर्डात गेल्याच नाहीत. "माझे पायच वळूक नाय गो," म्हणाल्या.

आमच्या शाळेतले एक मास्तर अधूनमधून लायब्ररीत येत. त्यांना छातीचा विकार जडला होता आणि त्यांना तो पुस्तकात वाचायचा होता. दुसऱ्या कुणी त्यांना घालवून दिलं असतं, नाहीतर पुस्तक हातात देऊन मोकळं झालं असतं. बायनी तसं केलं नाही. त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि त्यांच्याबरोबर एकेक ओळ वाचली. मास्तर एका ओळीशी अडले तेव्हा पुस्तकावर आडवा हात ठेवून म्हणाल्या, "मास्तर, बुकात सगळी माणसां एकाच पानार मरतत. तुमी त्या पानार नाय." मास्तर घरी गेल्यावर मात्र त्या स्वतः मलूल होऊन बसल्या. असं सांगायला नको होतं, म्हणाल्या. छापलेलं नसताना मी बोलले.

आता ते दिवस सांगते.

पावसाळा संपत आला होता. आगबोटी नुकत्याच परत सुरू झाल्या होत्या. खाडीच्या तोंडाशी पाण्याला गंजासारखा तांबूस रंग आला होता, वाऱ्याबरोबर उग्र वास येई. म्हातारे म्हणाले, असं कधीमधी होतं. त्यापलीकडे कोणी लक्ष दिलं नाही.

खाडीकाठच्या एका वाडीतून दोन भाऊ एकाच होडीतून आमच्याकडे आणले. तरणेताठे होते. ताप नाही, जुलाब नाहीत, अंगावर कुठे दंशाची खूण नाही. थोरला म्हणाला, ओठांना मुंग्या येतात. मग म्हणाला, बोटांना. मग पाय लटपटू लागले, मान धरवेना. आणि दोघेही पूर्ण शुद्धीवर. आमच्याकडे बघत होते, बोलायला जात होते, जीभ हलत नव्हती. धाकटा माझा हात धरून होता. त्याची पकड हळूहळू सैल होत गेली ती मला कळत होती, पण डोळे तसेच माझ्यावर. दुपार उलटेपर्यंत दोघांचाही श्वास थांबला. डॉक्टर सामंत कितीतरी वेळ दोन खाटांच्या मध्ये उभे होते. मला आठवतं, त्यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले होते.

त्या दिवसापासून वॉर्डात एक विचित्र गोष्ट सुरू झाली. जो तो आपल्या ओठांना हात लावून बघू लागला. रोगी, झाडूवाली, कंपाउंडर, मी. खरंच मुंग्या येताहेत की नुसता भास, हे कोणाला सांगता येईना.

वाडीत तर कहर झाला. देवळात कौल लावला आणि जनाचं नाव निघालं. जना ही विधवा बाई खाडीतल्या तिसऱ्या काढून दारोदार विके. तिसऱ्या म्हणजे वाळूत सापडणारे शिंपले. आमच्या किनाऱ्यावर गरीब-श्रीमंत सगळे खातात. त्या भावांच्या घरी तिनेच वाटा दिला होता. लोक म्हणू लागले, तिने करणी केली. तिच्या खोपटावर दगड पडले.

डॉक्टरांनी त्या भावांच्या घरच्या बायकांना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला: काय खाल्लं? भात, तिसऱ्यांचं सुकं, कढी. कोणी खाल्लं? दोघा भावांनी, बायकांच्या वाट्याला उरलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चिठ्ठी न लिहिता स्वतः लायब्ररीत जाऊन बायना सगळं सांगितलं. मला म्हणाले, तू पाहिलंस तसं क्रमाने सांग, त्यांना लिहून घेऊ दे.

मी सांगत होते, ओठ, बोटं, पाय, मान. बाय लिहीत होत्या. मध्येच त्यांची पेन्सिल थांबली. त्यांनी जिभेने ओठ ओला केला, मग करंगळीने चाचपला, मग पुन्हा लिहू लागल्या. मी विचारलं, बाय, तुम्ही तिसऱ्या कधी खाल्ल्यात? त्या माझ्याकडे बघेनात. काल रात्री जनाकडच्याच खाल्ल्या होत्या, थोड्याशा, म्हणाल्या.

"डॉक्टरांना सांगते," म्हणून मी उठले.

"बस गो. माका काय होता तां लिवा नको. मी सगळ्याकच भितंय. माझी साक्ष धरा नको."

आणि त्यांनी सूचीचा पहिला खंड ओढला. मासा या शब्दाखाली बघितलं. विष या शब्दाखाली बघितलं. पान उलटताना कागद थरथरत होता. मधूनच उजव्या हाताची बोटं एकेक करून अंगठ्याला लावून बघत आणि पुन्हा पानावर ठेवत. ओळीवरून बोट उतरताना घसरलं तर पुन्हा वरपासून सुरुवात करत. मला ओरडावंसं वाटत होतं. एका क्षणी त्या थांबून म्हणाल्या, "थयसर, परदेशात, तिसऱ्या कोण खातत? त्येंका दुसरा काय तरी म्हणत असतले." मग शिणाण्यांचं इंग्रजी नाव शोधलं, शिणाणे म्हणजे आमच्याकडचे खडकाला चिकटलेले काळे शिंपले. त्या शब्दाखाली, एका जुन्या खंडात, त्यांचं बोट थांबलं.

तो पूर्ण लेख नव्हता. परदेशी लेखांचे सारांश छापणाऱ्या मासिकातल्या चार-पाच ओळी होत्या. बायनी त्या मला वाचून दाखवल्या. आमचे ते दोघे भाऊ तिथे जसेच्या तसे होते. ओठांपासून सुरुवात, मग हातपाय, शेवटी श्वास. शिंपले एरवी चांगले असतात, समुद्राच्या पाण्याचा रंग बदलतो त्या काळात कधी कधी विषारी होतात. त्याला उतारा नाही. मात्र श्वास हाताने चालू ठेवता आला तर विष आपोआप उतरतं. पहिला दिवस काढला तो बहुधा जगतो. आणि शेवटची ओळ अशी, की रोगी मेल्यासारखा दिसला तरी त्याला अखेरपर्यंत सगळं कळत असतं.

डॉक्टरांपुढे उभ्या राहून बाय म्हणाल्या, "सर, एवढंच मिळालं. मूळ लेख नाही. हे ज्या समुद्राबद्दल लिहिलंय तो आपला नाही, शिंपलेही आपले नाहीत. आपल्या किनाऱ्याबद्दल काही गावाक नाय."

डॉक्टरांनी तो सारांश वाचला, परत वाचला. त्यांनी तिसऱ्या बंद करायला सांगितलं आणि ते चुकीचं निघालं, तर खाडीवर पोट असलेल्या बायका उपाशी राहणार; नाही सांगितलं आणि ते खरं असेल, तर आजच आणखी माणसं मरणार. ते बायना म्हणाले, मिस फर्नांडिस, तुम्ही काय कराल? बाय म्हणाल्या, मी भित्री आहे सर, मी बंद करीन. डॉक्टर म्हणाले, मीही. त्यांनी ताबडतोब मामलेदार कचेरीत माणूस पाठवला, वाड्यावाड्यांतून दवंडी पिटवायला सांगितली. मग बायच्या चेहऱ्याकडे निरखून बघत त्यांनी विचारलं, तुम्हाला काही होतंय का? बाय म्हणाल्या, होतंय असं वाटतं, पण ते मोजू नका. डॉक्टरांनी त्यांना व्हरांड्यात, आपल्याला दिसेल अशा ठिकाणी बसवलं.

दवंडी वाडीत पोचण्याआधीच जना आमच्याकडे आली. फळीवर घालून आणली होती, आणि फळीमागून माणसांचा लोंढा. न खपलेल्या तिसऱ्या तिने सकाळी स्वतःच शिजवून खाल्ल्या होत्या. जिच्यावर करणीचा आळ घेतला ती स्वतःच तेच खाऊन पडली, तरी लोकांचं म्हणणं तेच: देवाने शिक्षा केली. तिची मान एका बाजूला पडली होती. छाती हलल्यासारखी, न हलल्यासारखी.

डॉक्टरांनी तिला जमिनीवर उताणी घेतली. जीभ पुढे ओढून धरायला कंपाउंडरला बसवलं. दोन्ही मनगटं धरून हात डोक्यामागे ओढायचे, की छाती भरते. मग तेच हात कोपरांत दुमडून छातीवर दाबत आणायचे, की रिकामी होते. ते थकले की मी, मी थकले की झाडूवालीचा नवरा, मग पुन्हा डॉक्टर. तिचे डोळे अर्धवट उघडे होते, बुबुळ हलत नव्हतं. बाहेर जनाची सासू मोठ्याने रडू लागली. दारातून लोक आत बघत होते. कोणी म्हणालं, मेलेल्या बाईची कशाला विटंबना करता. माझ्याही मनात तेच आलं. हाताखालचं मनगट थंड लागत होतं आणि मला सारखा त्या धाकट्या भावाचा हात आठवत होता.

तेव्हा व्हरांड्यातून बाय आल्या. भिंतीला धरून आल्या. त्या वॉर्डात कधी पाऊल टाकत नसत. रक्त, जखम, मरण, काहीच बघायचं त्यांना धैर्य नव्हतं. दाराशी उभ्या राहून त्या बाहेरच्यांना म्हणाल्या, "रडा नकात. तिका सगळा आयकाक येता."

सासूचा हुंदका मध्येच थांबला. बाय जनाच्या उशाशी खाली बसल्या, तिच्या कानाशी वाकल्या. आवाज कापत होता, पण शब्द स्पष्ट होते.

"जना, तू जिती आसस. तुझो श्वास आमी चालू ठेवतव. तू फकत जिती रव."

मग त्या बोलतच राहिल्या. कोण कुठे उभं आहे ते तिला सांगत होत्या, आता कोणाची पाळी आहे ते सांगत होत्या. सांगण्यासारखं संपलं तेव्हा खिडकीतून काय दिसतंय ते सांगू लागल्या: माड, गलबत, वाळत घातलेली जाळी. मध्येच त्यांचा शब्द अडखळे, ओठ दाताखाली धरून पुन्हा सुरू करत. मला तेव्हा दोन बायकांची भीती वाटत होती. एक माझ्या हाताखाली होती, दुसरी तिच्या उशाशी. दोघींपैकी कोणाचा श्वास आधी थांबेल, हे मला कळत नव्हतं.

उन्हं उतरली. दिवेलागण झाली. माझे खांदे उरले नव्हते. आणि डॉक्टर हात मागे ओढत असताना जनाच्या छातीने एक ओढ स्वतःहून घेतली. त्यांनी हात तिथेच थांबवले. बराच वेळ काही नाही. मग दुसरी. डॉक्टर मटकन खाली बसले.

जना वाचली; बायही सकाळपर्यंत सावरल्या. बोलता येऊ लागलं तेव्हा तिने पहिल्यांदा काय सांगितलं असेल, तर आपण सगळं ऐकल्याचं. "माझो दीर सरणाची लाकडां खंयसून हाडूची तां विचारी होतो," म्हणाली. दीर त्यानंतर कितीतरी दिवस तिच्या समोर आला नाही. तिसऱ्या बंद केल्यावर नव्याने कोणी दगावलं नाही. तरी काही बायका इस्पितळाच्या पायरीवर येऊन डॉक्टरांना शिव्याशाप देऊन गेल्या, कारण त्यांची चूल त्यावरच होती. त्यांचंही खोटं नव्हतं. पाणी निवळून कितीतरी दिवस झाले तेव्हा पहिली पाटी बाजारात आली, आणि ती जनाचीच होती.

मूळ लेखाची नक्कल आगबोटीने आली. डॉक्टरांनी सगळी हकिगत लिहून एका मासिकाकडे धाडायची ठरवली. बायनी मसुदा तपासला आणि अडून बसल्या. कोणीच त्या वेळच्या तिसऱ्या जपून ठेवल्या नव्हत्या, तपासल्या नव्हत्या. मग विष त्यांतच होतं हे सिद्ध कुठे झालं? डॉक्टर म्हणाले, पण आपण डोळ्यांनी पाहिलं. बाय म्हणाल्या, पाहिलं ते लिहा, आणि सिद्ध झालं नाही हेही लिहा. डॉक्टरांनी ते वाक्य घातलं. बायचा स्वतःचा आजार मात्र त्या हकिगतीत आला नाही. त्यांना खरंच विष बाधलं होतं की नुसती भीती, हे त्यांनी शेवटपर्यंत ठरवू दिलं नाही. डॉक्टर मला एकदा म्हणाले, मला विचारशील तर बाधलं होतं. मी ते बायना सांगितलं. "वाचलंस की आयकलंस?" म्हणाल्या, आणि कपाटाकडे वळल्या.

पुढे डॉक्टर सामंत वारले. नव्या लोकांना ती खोली खाटांसाठी हवी होती, आणि त्यात काही गैर होतं असंही नाही. माणसं व्हरांड्यात निजत होती. मासिकं कोल्हापूरकडच्या एका कॉलेजाला द्यायचं ठरलं. बायची आई तोवर गेली होती. त्यांनी कॉलेजाला लिहून विचारलं, पुस्तकांबरोबर मीही आले तर चालेल का. त्यांनी होकार कळवला.

ट्रक आला त्या दिवशी मी दारात उभी होते. खोकी भरली, वर ताडपत्री टाकली, दोर आवळले. ड्रायव्हरने पुढची जागा पुसून दिली होती, पण बाय मागे चढल्या. घाटात एखादं खोकं सुटलं तर कोणाला कळणार, म्हणाल्या. खोक्यांच्या मधल्या फटीत बसल्या, पाय आखडून, दोन्ही हातांनी दोर घट्ट धरून. ट्रक सुरू झाल्याबरोबर त्यांनी डोळे मिटून घेतले. ओठ हलताना दिसत होते, प्रार्थना म्हणत असाव्यात. मी हात हलवला, हाक मारली. त्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं. हात सोडायची त्यांची छाती होईना. म्हणून त्यांनी नुसती मान हलवली, पुन्हा हलवली, आणि उताराला ट्रकला हिसका बसला तशी ती मान दोराशी टेकली. वळणापर्यंत त्या तशाच दिसत होत्या.

त्यानंतर मला त्या कधी दिसल्या नाहीत.